अमेरिकेतली पहिली केजी काढणारी जर्मन बाई, मार्गारेथे शुर्त्स: कशी जगली, कशी गेली

प्रश्न असा आहे की मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमात कुणीतरी सांगितलं, केजी, म्हणजे किंडरगार्टन, अमेरिकेत नेली ती जर्मनीहून आलेल्या एका बाईनं आणि ती फार लवकर वारली, तर ही बाई कोण, तिनं नेमकं काय केलं, कशानं गेली, आणि तिची केजी आपल्या ज्युनिअर-सिनिअर केजीसारखीच होती का. मी बालवाडी आणि अंगणवाडीच्या ताईंचं ट्रेनिंग घेते, बरीच वर्षं झाली आता, आणि किंडरगार्टनची कल्पना काढणारा फ्रोबेल शिकवायला घेतला की ही बाई येतेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. नाही, अजिबात नव्हती, जवळजवळ उलटीच होती.

तिचं नाव मार्गारेथे मायर, लग्नानंतर शुर्त्स. जन्म हॅम्बुर्गचा, २७ ऑगस्ट १८३३. वडील हाइनरिश क्रिस्टियान मायर हे हातात धरायच्या काठ्यांचे कारखानदार, धंदा इतका चालला की गावात त्यांना काठीवाले मायर म्हणूनच ओळखायचे. म्हणजे घर पैशाअडक्यानं भरलेलं. पण आई तिच्या जन्माच्या वेळीच गेली. घरात मोठी भावंडं बरीच, त्यातली बर्था हिच्याहून पंधरा वर्षांनी मोठी, आणि पुढची सगळी गोष्ट या बर्थामुळेच घडलेली आहे. वडीलही १८४८ ला गेले, ही तेव्हा चौदा-पंधराची.

१८४९ च्या शेवटी फ्रेडरिक फ्रोबेल हॅम्बुर्गला आला व्याख्यानं द्यायला. म्हातारा झाला होता, साठी उलटून गेलेली, बाड ब्लांकेनबुर्गला १८३७ मध्ये लहान मुलांसाठी काम सुरू केलं होतं त्यानं आणि १८४० मध्ये त्याला किंडरगार्टन हे नाव दिलं होतं. त्याचं म्हणणं आज आपल्याला साधं वाटतं पण तेव्हा कुणी मनावर घेत नव्हतं: तीन-चार वर्षांचं मूल खेळतं तेव्हा ते वेळ घालवत नसतं, तेच त्याचं काम असतं, आणि ते काम नीट व्हायला शिकलेली, तयार झालेली बाई लागते. मुलांना सांभाळायला कुणीही चालेल हे त्याला मान्यच नव्हतं. सोळा वर्षांची मार्गारेथे त्या वर्गात बसली, मन लावून ऐकलं, टिपणं काढली. आई नसलेल्या मुलीला यात काय सापडलं असेल यावर मी पानभर लिहू शकते पण तो माझा अंदाज होईल, म्हणून सोडते.

त्याची ती साधनं बीएड-डीएडच्या पुस्तकात 'उपहार', म्हणजे भेटवस्तू, म्हणून पाठ करायला लावतात, कधी हातात देत नाहीत, म्हणून इथे थोडं सांगते कारण मार्गारेथेनं पुढे जे केलं ते याच्याशिवाय समजणार नाही. पहिला उपहार म्हणजे लोकरीचे सहा मऊ चेंडू, सहा रंगांचे, दोरीला बांधलेले. बस. चेंडू वर, चेंडू खाली, चेंडू लपला, चेंडू आला, आणि सोबत गाणं. दुसऱ्यात लाकडी गोल, घन आणि दंडगोल. तिसऱ्यात एकच घन पण आठ छोट्या घनांत सुटणारा, मूल तो मोडतं आणि परत जोडतं, खुर्ची करतं, जिना करतं, आणि हे करताना अर्धा आणि पाव त्याच्या हातातून जातात, शब्द नंतर येतात. मग कागद मोडणं, पट्ट्या विणणं, माती. आणि बाहेर खरीखुरी बाग, प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा आणि एक सगळ्यांचा मिळून, आपला वाफा नाही पाणी घातलं तर सुकतो हे कुणी सांगायला लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल यात काय धोकादायक आहे, पण प्रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या एका मोठ्या जर्मन राज्याच्या, सरकारनं ऑगस्ट १८५१ मध्ये किंडरगार्टनवर चक्क बंदी घातली. फ्रोबेलच्या पुतण्याचं, कार्लचं, लिखाण समाजवादी आणि धर्माविरुद्ध आहे असं ठरवलं आणि त्यात काका-पुतण्यांची सरमिसळ झाली. फ्रोबेलनं समजावून बघितलं, कुणी ऐकलं नाही, २१ जून १८५२ ला तो वारला तेव्हा बंदी चालूच होती, ती उठली १८६० मध्ये. खरी भीती वेगळी होती. १८४८-४९ ची जर्मनीतली लोकशाहीसाठीची क्रांती नुकतीच चिरडलेली, आणि या बालवाड्या चालवणाऱ्या, त्यासाठी शिकणाऱ्या बायका बहुतेक त्याच मोकळ्या विचारांच्या घरातल्या. बंदीमुळे झालं काय तर त्या बायका देशाबाहेर पडल्या आणि फ्रोबेल त्यांच्याबरोबर जगभर गेला, सरकारनं स्वतः पैसे खर्चून केलं असतं तरी इतका प्रसार झाला नसता.

बर्थाही देशाबाहेर पडली, पण तिचं कारण वेगळं. लग्न झालेली, मुलंबाळं असलेली बाई, नवऱ्याला सोडून योहानेस राँगे नावाच्या चर्चनं बाहेर काढलेल्या बंडखोर धर्मोपदेशकाबरोबर गेली, हॅम्बुर्गमध्ये केवढा गाजावाजा झाला असेल विचार करा. दोघं लंडनला आली आणि १८५१ मध्ये तिथे किंडरगार्टन काढलं, इंग्लंडमधलं पहिलं. बहिणीला हातभार लावायला मार्गारेथे लंडनला गेली. म्हणजे तिचा खरा अनुभव, मुलांच्या मध्ये बसून रोजचं काम करण्याचा, तो लंडनचा.

तिथेच राँगेंच्या घरी तिला कार्ल शुर्त्स भेटला. तेवीस वर्षांचा, फरार. क्रांतीत लढलेला, क्रांतिकारकांच्या ताब्यातला राश्टाटचा किल्ला पडला तेव्हा गटारातून निसटलेला, आणि नंतर परत प्रशियात शिरून स्पांडाऊच्या तुरुंगातून आपल्या प्राध्यापकाला, गॉटफ्रीड किंकेलला, सोडवून आणलेला. त्या काळी युरोपभर नाव झालं होतं त्याचं. ६ जुलै १८५२ ला लग्न झालं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोघं न्यूयॉर्कला उतरली. मार्गारेथे एकोणीस वर्षांची.

उतरल्या उतरल्या ती आजारी पडली. कार्लनं आठवणी लिहिल्यात त्यात हे आहे, हॉटेलच्या खोलीत बायको तापानं पडलेली आणि हा बाहेर बागेतल्या बाकावर बसलेला, इंग्रजी धड येत नाही, ओळखीचं कुणी नाही. यानंतर तिची तब्येत कधीच पूर्ण सुधारली असं दिसत नाही. आधी फिलाडेल्फियाला राहिली, १८५३ मध्ये मुलगी झाली, अगाथे. तब्येतीसाठी ती परत युरोपला गेली, परत आली, पुढच्या आयुष्यातही हे जाणं-येणं चालूच राहिलं. स्थलांतर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एक जहाज, एक प्रवास आणि मग नवं आयुष्य असं येतं, हिचं तसं नव्हतं, ती आयुष्यभर दोन किनाऱ्यांच्या मध्ये होती. आणि हे परवडायचं कारण माहेरचा पैसा होता, हे पण लक्षात ठेवायला हवं, तिच्याच वेळी शेतमजूर, मोलकरीण म्हणून आलेल्या हजारो जर्मन बायकांना परत जायचा पर्यायच नव्हता.

१८५६ मध्ये ही मंडळी विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला स्थिरावली. गाव जर्मन लोकांनी भरलेलं, कार्लचे आईवडील, बहिणी आधीच तिथे आलेल्या. माहेरच्या पैशातून जमीन घेतली. कार्ल राजकारणात शिरलेला, सारखा बाहेर. आणि घरात तीन वर्षांची अगाथे.

आता तो प्रसंग ज्याच्यासाठी तिचं नाव राहिलं. त्या वर्षी तिनं आपल्या घरी अगाथे आणि नात्यातली चार मुलं अशा पाच जणांना बसवून फ्रोबेलची गाणी, खेळ, उपहार सुरू केले. पाच मुलं! फी नाही, बोर्ड नाही, उद्घाटन नाही. आजूबाजूच्या घरांतून विचारणा झाली की आमचंही पोर घ्या, तेव्हा गावात एका छोट्या इमारतीत ते हलवलं. सगळं जर्मनमध्ये. अमेरिकेतलं पहिलं किंडरगार्टन म्हणतात ते हे.

आमच्या ट्रेनिंगमध्ये इथपर्यंत आलं की कुणीतरी ताई हमखास विचारते, "मॅडम, पण मग इंग्लिश कधी शिकवलं त्यांना?" आणि मी थांबते, कारण माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे. इंग्रजी देशात आलेली बाई, जिथे नोकरी, कोर्ट, राजकारण सगळं इंग्रजीत, तिचा नवरा स्वतः पेपर वाचून वाचून इंग्रजी शिकतोय कारण त्याशिवाय त्याचं काही खरं नाही, आणि ती तीन-चार वर्षांच्या पोरांना घेऊन त्यांच्या घरच्या भाषेत गाणी म्हणतेय. गाव जर्मन होतं म्हणून ते सोपं होतं हे खरं, पण फ्रोबेलचा वर्ग दुसऱ्या कुठल्या भाषेत सुरूच होऊ शकत नाही, कारण गाणं आणि हाताची हालचाल एकत्र जाते आणि अर्थ आधीच पोटात असावा लागतो. आपण काय केलं? मराठी बोलणारं तीन वर्षांचं पोर केजीत टाकतो तेच मुळी मराठीतून बाहेर काढायला. त्यात लेखन, त्यात परीक्षा, त्यात टेबल-खुर्ची आणि हाताची घडी तोंडावर बोट. नाव तेच राहिलं, बाकी काही नाही. (ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यांवर जे केलं, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेली, स्थानिक पाला, बिया, शंखशिंपले हीच साधनं केली, ते मार्गारेथेच्या खोलीच्या कितीतरी जवळ आहे, जरी त्यांचा आधार जास्त माँटेसरीचा आणि गुजरातमधले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई यांचा होता.)

तर ती शाळा तिनं स्वतः चालवली जेमतेम दोन-एक वर्षं. १८५७ मध्ये दुसरी मुलगी झाली, मारिआने. त्याच वर्षी देशात मोठी मंदी आली, जमिनीत घातलेला पैसा अडकला. कार्ल वकील होऊन मिलवॉकीला गेला आणि कुटुंबही हललं. म्हणजे शिक्षिका म्हणून तिची कारकीर्द मोजायला गेलं तर फार छोटी आहे. मग एवढं नाव का?

त्याचं उत्तर १८५९ चं बॉस्टन. कार्ल भाषणासाठी तिकडे गेला होता, मार्गारेथे आणि अगाथे बरोबर. तिथे एका घरी एलिझाबेथ पीबडी भेटली, बॉस्टनच्या विचारवंत मंडळींतली, स्वतः शिक्षिका, पुस्तकांचं दुकान चालवलेली. तिनं अगाथेला इतर मुलांमध्ये खेळताना बघितलं. पाच-सहा वर्षांची पोर, बाकीच्यांना खेळ समजावून सांगतेय, भांडण न होता सगळ्यांना सामील करून घेतेय. पीबडीनं आश्चर्यानं विचारलं ही अशी कशी घडली, तर आईनं सांगितलं की काही चमत्कार नाही, किंडरगार्टनमध्ये वाढलीय. आणि नंतर फ्रोबेलच्या ग्रंथाची प्रस्तावना तिला वाचायला पाठवून दिली. व्याख्यान नाही, प्रचार नाही, एक खेळणारं मूल आणि एक पुस्तिका. पीबडी पेटलीच. पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, तिनं बॉस्टनला इंग्रजी भाषेतलं पहिलं किंडरगार्टन काढलं.

आणि इथे मला पीबडीबद्दल आदर वाटतो तो वेगळ्याच कारणासाठी. काही वर्षं शाळा चालवून तिच्या लक्षात आलं की आपण जे करतोय ते पुस्तक वाचून केलंय, यात वाचन-लेखन घुसलंय, त्या मुलीमध्ये जे दिसलं होतं ते इथे दिसत नाही. शाळा छान चालली होती, तरी १८६७ मध्ये ती साठी ओलांडलेली बाई जहाजात बसून जर्मनीला गेली, फ्रोबेलच्या शिष्यांकडे प्रत्यक्ष बघायला, आणि परत येऊन उघडपणे सांगितलं की माझी आधीची शाळा खरी किंडरगार्टन नव्हती. मग तिनं उरलेलं आयुष्य शिक्षिका तयार करण्यावर घालवलं. १८७३ मध्ये सेंट लुईसला सुझन ब्लोनं सरकारी शाळेत पहिलं किंडरगार्टन सुरू केलं, आणि तिथून ते देशभर गेलं. खेळणी बनवणारा मिल्टन ब्रॅडली पीबडीचं ऐकून फ्रोबेलचे उपहार छापील डब्यांतून विकायला लागला.

मार्गारेथे या सगळ्यात कुठे होती? कडेला. कार्ल लिंकनच्या प्रचारात, १८६१ मध्ये स्पेनला अमेरिकेचा राजदूत, मग यादवी युद्धात जनरल, चॅन्सेलर्सव्हिल आणि गेटिसबर्गच्या लढायांत. ही मुलींना घेऊन कधी हॅम्बुर्गला, कधी पेन्सिल्व्हेनियात. तिसरी मुलगी झाली, एमा, ती लहानपणीच गेली, १८६७ मध्ये. त्यानंतर तब्येतीसाठी मार्गारेथे मुलींना घेऊन विस्बाडेनला राहिली आणि कार्ल तिथे भेटायला गेला, त्याच फेरीत बर्लिनला प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्कनं त्याला बोलावून घेतलं, ज्याला पकडायला प्रशिया टपलेला होता त्यालाच. कार्लची बायकोला लिहिलेली पत्रं नंतर छापली गेली, भरपूर आहेत, आणि ती वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते की हे दोघं एकत्र किती कमी राहिले. तिला अमेरिका फारशी मानवली नाही. त्याला त्या देशात सगळं मिळालं, १८६९ ते १८७५ तो मिसुरीचा सिनेटर होता, तिथे पोचलेला पहिला जर्मनीत जन्मलेला माणूस. इतिहासाच्या पुस्तकांत ती त्याच्या चरित्रातली तळटीप म्हणून येते आणि बालशिक्षणाच्या पुस्तकांत तो हिच्या एका ओळीत "पुढे प्रसिद्ध झालेला नवरा" म्हणून. मला दुसरा प्रकार जास्त आवडतो, उगाच का लपवा.

१८७१ मध्ये मुलगा झाला, कार्ल लिंकन. सिनेटची मुदत संपल्यावर कुटुंब न्यूयॉर्कला आलं. १८७६ च्या मार्चमध्ये पाचवं बाळंतपण, मुलगा, हर्बर्ट. बाळ जगलं. ती बाळंतपणातल्या गुंतागुंतीनं काही दिवसांतच, १५ मार्च १८७६ ला गेली. बेचाळीस वर्षांची होती. ज्या शहरात ती पहिल्यांदा उतरली आणि आजारी पडली तेच शहर.

तुम्ही विचारलंय कशानं गेली तर एवढंच उत्तर आहे, आणि त्यावेळी ते काही विशेष कारण नव्हतं. पैसा, डॉक्टर, सिनेटरचं घर, यातलं काही उपयोगी पडायचं नाही. व्हिएन्नात सेमेलवाइसनं १८४७ मध्येच दाखवून दिलं होतं की डॉक्टरांनी हात औषधी पाण्यानं धुतले तर बाळंतरोगानं मरणाऱ्या बायका झपाट्यानं कमी होतात, पण वैद्यकीय मंडळींनी ते पटवून घ्यायला पुढची कित्येक दशकं लावली, आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, झटके यांच्यावर तर हातात काही नव्हतंच. तिची आई हॅम्बुर्गमध्ये १८३३ मध्ये अशीच गेली होती. मध्ये त्रेचाळीस वर्षं गेली, रेल्वे आली, तारा आल्या, अमेरिका-युरोप प्रवास आठ-दहा दिवसांवर आला, बाळंतिणीच्या खाटेपाशी काही बदललं नाही. कार्लनं पुन्हा लग्न केलं नाही, दोन महिन्यांत तो परत राजकारणात होता, पुढल्या वर्षी मंत्री झाला, १९०६ पर्यंत जगला.

एक गोष्ट राहून राहून टोचते. ती गेली मार्चमध्ये आणि मेमध्ये फिलाडेल्फियाला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीचं ते प्रचंड प्रदर्शन उघडलं, तिथे चालू किंडरगार्टन लोकांना बघायला मांडलेलं होतं, लाखो माणसं येऊन गेली. त्यात एक आई होती, तिनं फ्रोबेलचे उपहार बघितले आणि आपल्या मुलासाठी घेतले. तो मुलगा म्हणजे आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट, विस्कॉन्सिनमध्येच जन्मलेला, म्हातारपणापर्यंत सांगत राहिला की ते लाकडी ठोकळे माझ्या बोटांत अजून आहेत. मार्गारेथेनं यातलं काही बघितलं नाही.

"पहिली" या शब्दावरून वाद आहे तोही सांगते. कॅरोलिन फ्रँकनबर्ग नावाची दुसरी जर्मन बाई फ्रोबेलबरोबर काम करून आलेली, ओहायोतल्या कोलंबसला तिनं मार्गारेथेच्याही आधी प्रयत्न केला होता, तो जमला नाही, जर्मनीला परत गेली, आणि १८५८ मध्ये पुन्हा येऊन शाळा काढली. कोलंबसची मंडळी तिचं नाव पुढे करतात. माझं मत विचाराल तर या भांडणात फार अर्थ नाही, फ्रँकनबर्ग बाई जास्त शिकलेली आणि जास्त चिकाटीची होती हे मी मान्य करते, पण बॉस्टनमध्ये त्या दिवशी खेळणारी मुलगी मार्गारेथेची होती, आणि पुढची साखळी तिथून जोडलेली आहे. तिला अमेरिकेतल्या केजीची जननी वगैरे म्हणू नका, शाळेच्या बॅनरवर चांगलं दिसतं फक्त. तिनं आपल्या पोरीसाठी घरात जे केलं ते नीट केलं, आणि विचारलं तेव्हा दुसऱ्या बाईला देऊन टाकलं.

घरी काही करता येईल का असंही विचारलं होतं. येईल. उपहारांचा महागडा डबा ऑनलाइन मागवू नका. लोकर आणा, सहा रंग, चेंडू गुंडाळा किंवा विणा, मुठीत मावतील एवढे, दोरी लावा, आणि मुलीबरोबर मराठीत खेळा, अक्षर-अंक काही काढू नका त्यात. कंटाळली की बंद. चेंडूबरोबर म्हणायची गाणी तुमच्या आईला विचारा, तिच्याकडे निघतील. कुंडीत तिची तिची मेथी पेरा आणि पाणी घालायची आठवण मुद्दाम करू नका.

आणि तुमचे दीर मॅडिसनला असतात म्हणालात, तर वॉटरटाउन मॅडिसन आणि मिलवॉकीच्या मध्येच आहे. गावात अष्टकोनी घर म्हणून म्युझियम आहे, १८५४ चं, मार्गारेथेची ती छोटी शाळेची इमारत १९५६ मध्ये उचलून त्याच्याच आवारात आणून ठेवलीय, आत जुनं सामान आणि मुलांचे पुतळे मांडलेत. जायचं तर उन्हाळ्यात जा, थंडीत बंद असतं, आणि निघण्याआधी फोन करून वेळा विचारून घ्या.